तालमीत लागलेली इंग्रजीची सीडी

शशिधरला इंग्रजी बोलायला शिकायचं होतं, आणि ते कुणालाही न कळता शिकायचं होतं. यातली पहिली गोष्ट कोल्हापुरात राहून जमते. दुसरी जमत नाही. इथं माणूस नवीन चप्पल घालून गल्लीत शिरला तर चार जण "कुठल्या दुकानातलं?" म्हणून विचारतात आणि पाचवा पायाकडं न बघताच "फसलास की!" म्हणून मोकळा होतो.

घाईला कारण होतं. शशिधर एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय वनस्पतिशास्त्र. गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, जिथं माणसं मराठीत भांडण काढून कानडीत मिटवतात. दोन भाषा त्याला जन्मताच मिळालेल्या. तिसरी लिहायला यायची, वाचायला यायची, पेपरात पुरवण्या जोडण्याइतकी यायची. फक्त तोंडानं बोलायची म्हटली, की गळ्यात कुणीतरी बूच मारल्यासारखं व्हायचं. दिवाळीआधीच्या सेमिनारला तो फळ्यापुढं उभा राहिला, "रिस्पेक्टेड सर" एवढं बोलला, आणि पुढची सात मिनिटं उसावरच्या तांबेऱ्याच्या चित्राकडं अशा चेहऱ्यानं बघत राहिला, की मागच्या बाकावरच्या मुलांना वाटलं, तांबेरा ह्यालाच झालाय. शेवटी विभागप्रमुख नलवडे मॅडम हळूच "बस" म्हणाल्या.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण ऑफिसात मार्कांच्या यादीत त्याच्या नावापुढं 'गैरहजर' लागलं. तो क्लार्क बाळासोंकडं गेला.

"सर, मी तिथं उभा होतो की."

"उभा हुतास," बाळासो चष्म्यावरून बघत म्हणाले, "हजर न्हवतास. मला हितं तीनच गोष्टी लिवता येत्यात. मार्क, गैरहजर, न्हाईतर कॉपी. ह्यातलं काय लिवू सांग?"

शशिधरनं विचार करून गैरहजर पसंत केलं. पुढचा सेमिनार फेब्रुवारीत, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर. त्यातही गैरहजर लागलं तर अख्खं वर्ष गेलं. आणि मग गावात अप्पांना, म्हणजे वडलांना, हे समजावून सांगायचं की पोरगं रोज कॉलेजात जात होतं, पण हजर नव्हतं.

सन दोन हजार चारचा जानेवारी होता. राजारामपुरीत कंप्युटरच्या एका दुकानात त्याला एक सीडी दिसली. नाव 'सेल्फ गुरू'. डब्यावर निळ्या कोटातल्या बाईचं हसरं चित्र आणि खाली लिहिलेलं : शिक्षक नको, वर्ग नको, लाज नको. एकट्यानं शिका. माइकमध्ये बोललं की कंप्युटरच सांगणार, चुकलं कुठं. शशिधरनं 'लाज नको' दोनदा वाचलं आणि डबा छातीशी धरला.

आता राहिला कंप्युटर. विद्यापीठाच्या लॅबमध्ये होते, पण तिथं वैयक्तिक सीडी वापरायची तर अर्ज करून मॅडमना समक्ष भेटून कारण सांगायचं होतं, आणि तेही इंग्रजीतून. हे म्हणजे पोहायला येत असल्याशिवाय विहिरीपर्यंत सोडायचं नाही असं झालं. मग तो नेट कॅफेत गेला. दोन लाकडी फळ्यांमधल्या खुराड्यात बसून त्यानं माइक तोंडाशी धरला आणि कुजबुजला, "हाऊ आर यू?"

पलीकडच्या खुराड्यातनं आवाज आला, "बरं हाय की! तुमचं?"

शशिधर सीडी काढून घेऊन चालता झाला.

तो उंबरकट्टा गल्लीत झुंबरबाईंच्या घरी खोली घेऊन राहायचा. झुंबरबाई म्हणजे खोलीत मुंगी शिरली तरी तिचं गाव विचारणारी बाई. त्यांनी त्याच्या हातात डबा बघितला, वरची बाई बघितली आणि विचारलं, "पोरी सांगून याय लागल्या व्हय रं?"

खरं काय ते सांगावंच लागलं. झुंबरबाई म्हणाल्या, "मग आपल्या तालमीत हाय की कंप्युटर! नुसता बसून खातोय."

हे खरं होतं. उंबरकट्टा तालीम मंडळाला सुवर्णमहोत्सवाला कुणीतरी कंप्युटर भेट दिलेला. वरच्या खोलीत प्लग नव्हता म्हणून तो खाली आखाड्याच्या काठावर, बजरंगबलीच्या फोटोशेजारी ठेवलेला. वरून प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर हार. दसऱ्याला गदेबरोबर त्याचीही पूजा व्हायची. त्यापलीकडं त्याला कुणी हात लावल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मंडळाचे अध्यक्ष आण्णा कायद्याचे पक्के. त्यांनी सभा बोलावली. सभेत चौदा जण आले आणि पहिला तास एकाच मुद्द्यावर गेला : इंग्रजी शिकणं हे मंडळाच्या घटनेप्रमाणं 'क्रीडा' मध्ये बसतं, की 'सांस्कृतिक' मध्ये?

"सांस्कृतिक मध्ये गणपती आणि भजन हाय," आण्णा घटनेची वही उघडून म्हणाले. "तिसरं कायबी घालायचं तर वार्षिक सभा लागतीया. ती गुढीपाडव्याला."

"माझा सेमिनार फेब्रुवारीत आहे, आण्णा."

"मग क्रीडा. क्रीडा मध्ये कवाबी कायबी घालता येतंय."

ठराव झाला. सूचक, अनुमोदक, टाळ्या. ह्या एका शब्दानं आपल्या आयुष्याचं काय होणार आहे, ते शशिधरला समजलं नाही. 'क्रीडा' म्हणजे केरबा वस्तादांच्या ताब्यात.

केरबा वस्ताद सत्तरीचे, कान मोडलेले, मिशी शाबूत. त्यांनी शशिधरला खालीवर बघितलं. बाजारात बैल बघतात तसं नाही, त्यात निदान आशा असते.

"पाटं पाचला यायचं. पायताण भाईर. मातीला हात लावून कपाळाला लावायचा, मगच त्या कंप्युटरच्या उंदराला हात लावायचा. आणि एकट्यानं करायचं न्हाई."

"वस्ताद, ही सीडीच एकट्यानं शिकायची आहे. डब्यावर लिहिलंय."

"डब्यावर लिवनाऱ्यानं तालीम बघितल्याली न्हाई. आरं, एकटा मानूस लढतोय कुणासंगं? जोड पायजेल!" आणि त्यांनी हाक मारली, "आकाराम!"

आकाराम म्हणजे शहाण्णव किलोचा पैलवान. अंगात म्हशीचं बळ आणि स्वभाव वासराचा. इंग्रजीत त्याला 'येस' एवढंच यायचं आणि ते तो 'नाही' म्हणायच्या वेळी वापरायचा. शशिधर खुर्चीवर बसला. आकाराम बाकावर बसला आणि बाकाचं दुसरं टोक वर उचललं गेलं.

शशिधरनं नाव टाइप केलं. सीडी घुरघुरली. पडद्यावर निळ्या कोटातली बाई आली आणि गोड आवाजात म्हणाली, "वेलकम, शशिधर!"

तालमीत जोर काढणारे जोरातच थांबले.

"हिला ह्याचं नाव ठावं हाय!" आकाराम म्हणाला.

वस्तादांनी पहिल्यांदा मागं वळून बघितलं, तर सगळे पैलवान नुसत्या लंगोटावर. "आरं ए! बाईमानूस आल्यात समोर. कापडं घाला की!"

त्या दिवसापासून उंबरकट्टा तालमीत सगळे पैलवान कंप्युटर चालू असेपर्यंत लंगोटावर सदरा घालून मेहनत करू लागले. बाई सीडीत गेल्या की सदरे निघत.

खरी भानगड पुढं झाली. बोलताना पडद्याच्या कडेला एक उभी पट्टी दिसायची. नीट बोललं की ती हिरवी राहायची. ओरडलं की वरपर्यंत चढून लाल व्हायची. डब्यातल्या कागदावर लिहिलेलं होतं, की पट्टी हिरव्यात ठेवा. पण कागद कोण वाचतो? आकारामनं बघितलं, की शशिधरच्या आवाजानं पट्टी इंचभर हलते. त्यानं माइक घेतला आणि "गुड मॉर्निंग!" असं घातलं, की पट्टी टोकाला जाऊन लालभडक झाली. बजरंगबलीच्या फोटोची काच थरथरली.

"फोडली!" सगळी तालीम ओरडली.

"एक्स्क्यूज मी," बाई म्हणाल्या, "कुड यू से दॅट अगेन?"

"काय म्हनती रं?"

"परत म्हण म्हणते," शशिधर म्हणाला.

"तिला भरोसा न्हाई व्हय?" आकाराम उठून उभा राहिला.

आठवडाभरात पट्टी लाल करायला रांग लागली. दूध कट्ट्यावर म्हशी पिळणारा गुंडू धारा संपवून यायचा आणि 'थँक यू व्हेरी मच' मध्ये पट्टी लाल करून जायचा. जो तो शशिधरच्या नावानंच बोलायचा, कारण सीडीत विद्यार्थी एकच चालत होता. त्यामुळं बाईंची समजूत अशी झाली, की हा शशिधर नावाचा मुलगा कधी कुजबुजतो, कधी गर्जतो, आणि कधी अकरा जणांच्या आवाजात एकदम बोलतो. शनिवारी प्रगतिपत्रक आलं. त्यात इंग्रजीत लिहिलेलं : प्रिय शशिधर, आपण थोडी विश्रांती घ्यावी.

शशिधरच्या वाट्याला दिवसाला चार मिनिटं यायची. त्यातही तो तोंड उघडायचा आणि मागं वीस माणसं श्वास रोखून उभी. म्हणजे ज्या नजरांपासून लपायला सीडी घेतली, त्या नजरा आता मानेवर फुंकर घालत होत्या. पट्टी हलायची नाही. "सॉरी, आय कान्ट हिअर यू," बाई म्हणायच्या, आणि मागनं कुणीतरी हळहळायचं, "आमालाबी न्हाई."

अशात तो माइक फुटला. आकारामच्या 'कॉन्ग्रॅच्युलेशन्स' ला तो टिकला नाही. मंडळानं ताबडतोब गणपतीचा माइक काढला, शहाळ्याएवढा. तो कंप्युटरला थेट लागेना, म्हणून मध्ये अॅम्प्लिफायर जोडला. अॅम्प्लिफायरला छतावरचा कर्णा आधीच जोडलेला होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सगळ्या गल्लीनं शशिधरचा आवाज ऐकला : "मे आय हॅव... अ ग्लास ऑफ... वॉटर... प्लीज."

पाच मिनिटांत झुंबरबाई तांब्या घेऊन तालमीच्या दारात. "आरं, पोराचा घसा सुकलाय आन तुमी बघत काय बसलायसा?" त्यांना इंग्रजीतलं 'वॉटर' कळत होतं, कारण नळाला वॉटर येत नसल्याचे अर्ज त्यांनी पंधरा वर्षं केले होते.

आता सगळ्या गल्लीला दुखणं कळलं, आणि सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, जिभेखाली मिरं धर. गुंडू म्हणाला, धारोष्ण दूध पी, इंग्रजीचं कोरडेपण जातंय. झुंबरबाई म्हणाल्या, नरसोबाच्या वाडीला जाऊन दत्ताच्या कानावर घाल. आण्णा म्हणाले, जोतिबाच्या डोंगराचे पाच खेटे घाल, चढ चढून दम वाढतोय. गावाकडं बातमी गेली आणि अप्पांचा फोन आला. "काय रे शशी, इंग्रजीसाठी तालमीत जातोस म्हणं? मग कुस्तीसाठी कुठं जातोस, लायब्ररीत?"

शशिधरचा स्वाभिमान एवढा खरचटला होता, की आता नवीन खरचटायला जागा नव्हती. सेमिनार दहा दिवसांवर आला. तो वस्तादांपुढं जाऊन उभा राहिला. "वस्ताद, माझ्याकडनं होणार नाही."

वस्तादांनी त्याच्या छातीवर बोट टेकलं, मग पोटावर, मग खाली वाकून गुडघ्यावर.

"हितं हाय," ते म्हणाले. "भ्या गुडघ्यात बसतंय. ते घट्ट धरून ठेवतोस, म्हनून वरचं सगळं आखडतंय. जिभेचं काम नंतर. बैठक काढ."

"आत्ता?"

"खाली जाताना श्वास घे. वर येताना वाक्य टाक."

शशिधर चालू माइकसमोर खाली गेला. वर आला आणि तोंडातनं वाक्य सुटलं, "शुगरकेन रस्ट इज अ फंगल डिसीज!"

सुटलं म्हणजे कसं, सोड्याच्या बाटलीतली गोटी सुटावी तसं. पट्टी हिरवी. टोकापासून टोकापर्यंत हिरवी, थरथर नाही. बाई म्हणाल्या, "एक्सलंट, शशिधर!"

आकारामनं त्याला खांद्यावर घेऊन आखाड्याला फेरी मारली. वस्ताद मिशीला हात लावून म्हणाले, "आता काढ पुढची."

सेमिनारची एकूण बासष्ट वाक्यं होती. नऊ दिवस शशिधरनं बासष्ट बैठका काढल्या, सकाळ-संध्याकाळ. वरून थंडाई, आणि गुंडूचं दूध एवढं, की म्हैस त्याला ओळखू लागली. आकाराम शेजारी जोडीनं बैठका काढायचा आणि त्याच्याबरोबर वाक्यं म्हणायचा. उसाच्या तांबेऱ्यावर इतक्या अधिकारानं बोलणारा शहाण्णव किलोचा पैलवान त्या काळात दुसरा कुठं नसावा.

आदल्या दिवशी शशिधरनं खोलीत सरळ उभं राहून सराव करून बघितला. पहिलं वाक्य आलं नाही. दुसरं आलं नाही. गुडघे वाकवले, दोन्ही आली. सरळ झाला, बूच. तो पळत तालमीत गेला.

"वस्ताद, बैठक काढल्याशिवाय येतच नाही!"

"मग काढ की."

"परीक्षकांसमोर?"

"कागूद काय म्हनतोय? उभंच ऱ्हायाचं म्हनतोय?"

शशिधरनं विभागाची नोटीस काढली. बारा मिनिटं, इंग्रजी माध्यम, प्रोजेक्टरच्या पारदर्शक पट्ट्यांसह. उभं राहण्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. आण्णांनीही ती घटनेच्या वहीसारखी दोन्ही बाजूंनी तपासली आणि निकाल दिला, "बैठकीला बंदी न्हाई."

सेमिनारच्या दिवशी टेम्पोतनं मंडळ आलं. अकरा जण, डोक्याला फेटे. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, "पावणं, कुनाचं लगीन?" वस्ताद म्हणाले, "लगीन न्हाई. पोरगं बोलनार हाय." आणि ते सगळे विभागाच्या खिडक्यांबाहेर गुलमोहराखाली उभे राहिले.

आत परीक्षक बसलेले. पुण्याहून आलेले, कडक इस्त्रीचे. नलवडे मॅडम शेजारी. दाराशी मार्कांचा कागद घेऊन बाळासो. पट्ट्या बदलायला वर्गातली सौंदर्या उभी, जी कुठल्याही विषयात पहिली यायची आणि त्याबद्दल कुणाची माफी मागायची नाही.

"रिस्पेक्टेड सर," शशिधर म्हणाला.

आणि थांबला. तेच चित्र, तोच फळा, तेच बूच. बाळासोंनी पेनाचं टोपण काढलं.

शशिधरनं खडू टेबलावर ठेवला. पट्टा एक भोक आवळला, पाय खांद्याएवढे फाकवले आणि सगळ्या वनस्पतिशास्त्र विभागादेखत खाली गेला.

"शुगरकेन रस्ट इज अ फंगल डिसीज!"

परीक्षकांच्या हातातला चहा बशीत सांडला. मुलं हसली. तिसऱ्या वाक्याला जास्त हसली. दहाव्याला मागचा एक जण बाकाखाली गेला. पण पंधराव्याच्या सुमाराला हसू विरलं, कारण माणूस थांबेना, आणि वाक्य एकही चुकेना. बुरशीचं नाव, तिचं जीवनचक्र, पानावरचे ठिपके, सगळं खालून वर, खालून वर, खणखणीत. सौंदर्या तालात पट्ट्या बदलू लागली. तिसाव्याला बाक मोजू लागले, आधी ओठांत, मग मोठ्यानं. खिडकीबाहेर आकाराम डोळे मिटून प्रत्येक वाक्य बरोबरीनं म्हणत होता.

एक्केचाळिसाव्याला 'टर्र' असा आवाज झाला. पँटीची शिवण गेली होती. शशिधरनं शांतपणे फळ्याला पाठ लावली आणि बेचाळिसावं वाक्य टाकलं.

बासष्ट. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. बाहेर टाळ्या पडल्या, आतही पडल्या.

परीक्षकांनी हात वर केला. ते इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या प्रयोगशाळेतलं सगळं समजलं. पण साध्या शेतकऱ्याला रोग आलाय हे कसं कळणार?"

हा प्रश्न बासष्टांत नव्हता. शशिधरच्या पायांत त्रेसष्टावी नव्हती. मांड्या थरथरत होत्या, खाली गेला असता तर वर आला नसता. त्यानं टेबलाची कड धरली. डोळ्यांसमोर गावाकडचा ऊस आला, आणि सकाळी उसातनं बाहेर येणारे अप्पा.

"माय फादर नोज, सर," तो म्हणाला. "ही गोज इन द केन इन मॉर्निंग विथ व्हाइट शर्ट. ही कम्स आऊट, शर्ट इज ब्राउन. लाइक रस्ट. देन ही नोज. ही डज नॉट नीड मायक्रोस्कोप. माय मदर ऑल्सो नोज, बिकॉज शी वॉशेस द शर्ट."

परीक्षक मान खाली घालून लिहू लागले. खाली बसल्यावर शशिधरच्या लक्षात आलं, की सहा-सात वाक्यं आपण सरळ उभं राहून बोललो. खिडकीबाहेर आकारामही गप्प झाला होता. ही वाक्यं त्याला पाठ नव्हती. ती शशिधरची एकट्याची होती.

तासाभरानं मंडळ ऑफिसात शिरलं. शशिधर आकारामचा फेटा कमरेला गुंडाळून मागं उभा. वस्ताद बाळासोंच्या टेबलावर दोन्ही हात टेकून वाकले.

"काय लिवलंय?"

"पंचवीसपैकी एकोणीस," बाळासो म्हणाले आणि उगीचच उभे राहिले. "हजर हाय. चांगलाच हजर हाय."

"आन ह्ये खाली काय खरडलंय सायबानं?"

"शेरा हाय. विषयाची जाण उत्तम. प्रश्नाचं उत्तर अस्सल." बाळासो जरा अडखळले. "आणि... हालचाल गरजेपेक्षा जास्त."

"जास्त?" वस्तादांची छाती अशी फुगली, की सदऱ्याचं वरचं बटण सुटलं. ते वळले, परीक्षक ज्या खोलीत चहा घेत होते त्या खोलीकडं तोंड करून, सगळ्या विभागाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अवो सायेब! बासष्टच काढल्यात त्यानं! प्रश्न इचारत ऱ्हावा की, आमचं पोरगं दोनशेपातूर बोलतंय!"